या चुका टाळा: भाजी धुतली, हॉलची खिडकी मात्र बंदच राहिली

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या ऐरोलीच्या घरात आधी मिस्टरांना कोविडचा ताप आला. त्यांना बेडरूममध्ये ठेवलं, दार लावून घेतलं, ताट बाहेर स्टुलावर ठेवायचं ठरलं. दुधाच्या पिशव्या धुतल्या, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवली, दाराच्या कड्या दिवसातून चारदा पुसल्या. पाचव्या दिवशी सासूबाई खोकायला लागल्या, मग मी, मग मुलगी. एवढं सांभाळून आजार आला कुठून, ते कळेना.

कळलं ते सगळे बरे झाल्यावर. रिकाम्या बेडरूममध्ये उदबत्ती लावली होती, दार लोटलेलं होतं, खिडकी वीतभर उघडी. मी किचनमध्ये फोडणी टाकली, एक्झॉस्ट लावला आणि दोन मिनिटांत चंदनाचा वास कढईपाशी आला. एक्झॉस्ट जेवढी हवा बाहेर फेकतो, तेवढीच कुठून तरी आत ओढतो. डास येतात म्हणून हॉलची खिडकी दिवेलागणीपासून बंद. मग ती हवा आजाऱ्याच्या खोलीतून, दाराच्या फटीतूनच येणार. आम्ही जे ताट लांब ठेवत होतो, त्यापेक्षा हा वारा मोठा वाटेकरी होता, असं मला आज वाटतं.

श्वसनाचे बरेच विषाणू बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही बारीक तुषारांतून बाहेर पडतात आणि बंद खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात. कोविडच्या सुरुवातीला भर हात धुण्यावर आणि अंतरावर होता. हवेची गोष्ट ठळकपणे सांगितली जाईपर्यंत वर्ष उलटलं. हात धुवाच, पण तेवढ्यावर थांबू नका.

म्हणून आजाऱ्याच्या खोलीची खिडकी उघडी ठेवा आणि टेबलफॅन खिडकीत, बाहेर तोंड करून लावा. दाराच्या खालच्या फटीला जुनी चादर गुंडाळून लावा. किचनचा एक्झॉस्ट लावताना हॉलची खिडकी आधी उघडा. खाडीकडच्या वस्तीत डासांचा त्रास खरा आहे, त्यावर जाळी हाच उपाय. ती महिन्यातून एकदा धुवा, धुळीने भरलेल्या जाळीतून वारा येत नाही. आणि स्प्लिट एसीवर विसंबू नका: तो खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो.

मास्कच्या बाबतीत एकच सांगते. आजारी माणसाने मास्क लावला तर फायदा सगळ्यांचा, पण वाल्व्हचा नको. वाल्व्हमधून त्याचा श्वास न गाळताच बाहेर येतो. एन-९५ असला तरी नाकावरची पट्टी दाबून बसवल्याशिवाय त्याचा पुरता उपयोग नाही.

“साधी सर्दी आहे, जाऊन येतो,” ही चूक ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत सगळ्यात महाग पडते. कोविडमध्ये लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस संसर्ग देऊ शकत होता, म्हणजे घसा खवखवायला लागेपर्यंत डब्यातल्या शेजाऱ्यांना तो दिलेलाही असू शकतो. निदान घसा धरल्यानंतर तरी डब्यात शिरू नका. पहिल्या दिवशी केलेली अँटिजेन टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून लगेच निर्धास्तही होऊ नका. त्रास असेल तर दोन दिवसांनी पुन्हा करा.

मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. ती जीवाणूंवर चालते, विषाणूवर नाही. वाफेने विषाणू मरत नाही, नाक मोकळं वाटतं एवढंच. आणि उकळत्या पातेल्याजवळ लहान मूल नको, भाजण्याची भीती मोठी.

‘नवा’ शब्दानेही घाबरू नका. २०२५ च्या जानेवारीत ज्या एचएमपीव्हीच्या (ह्युमन मेटान्यूमोव्हायरस, श्वसनाचाच एक विषाणू) बातम्या फिरल्या, तो २००१ सालीच नेदरलँड्समध्ये सापडलेला विषाणू आहे. नाव कळलं की आधी तो किती जुना आहे आणि कोणाला जास्त धोका आहे, ते डॉक्टरांना विचारा.

ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारं यंत्र, वापरताना नेलपॉलिश किंवा मेंदी नसलेलं बोट घ्या. हात गार असेल तर चोळून ऊब आणा, पाच मिनिटं शांत बसा आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. आमच्या सासूबाईंचा ९१ आला तेव्हा आमच्या पोटात गोळा आला. हात चोळून पुन्हा लावलं तर ९६. पण नीट घेऊनही ९४ च्या खाली येत असेल, सहा मिनिटं चालल्यावर आकडा तीन-चारने उतरत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, तर उद्या सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन लावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांना झोपवण्याऐवजी उशांना टेकवून बसतं ठेवा.