घरातले सगळे फोटो एका आठवड्यात एका जागी

माझ्या मुलीचं पहिलं पाऊल मी फोनवर टिपलं होतं. सतरा सेकंदांचा व्हिडिओ. पुढे तो फोन पाण्यात पडला. दुरुस्तीला दिला, दोन दिवसांनी "आतलं काही निघत नाही" म्हणून परत आला. त्यात तिचे पहिले चौदा महिने होते. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवलेले चाळीस-पन्नास फोटो तेवढे मागून घेता आले, तेही धूसर. पावलाचा व्हिडिओ कुणालाच पाठवला नव्हता.

ती आता तेरा वर्षांची आहे, आणि तेव्हापासून घरातल्या फोटोंचं काम माझ्याकडे आहे. वर्षातला एक आठवडा मी त्यासाठी राखून ठेवते, रोज संध्याकाळी तास-दीड तास. घरात पाच माणसं, चार फोन, एक जुना कॅमेरा, नवऱ्याचा पक्ष्यांचे फोटो काढायचा छंद, धाकट्याची चित्रं आणि सासूबाईंची फोटोंची पत्र्याची पेटी, एवढा सगळा पसारा. तुमच्याकडे कमी-जास्त असेल, पण क्रम मात्र हाच ठेवा: आधी गोळा करायचं, लगेच दुसरी प्रत काढायची आणि मगच नीटनेटकं लावायला बसायचं. निवडानिवडीने सुरुवात केली की पहिली संध्याकाळ जुन्या फोटोंत रमण्यात जाते आणि काम तिथेच राहतं.

सोमवारी फक्त गोळा करा. त्यासाठी बाहेरून जोडायच्या दोन हार्ड डिस्क लागतील. घरात विंडोज आणि मॅक दोन्ही असतील तर डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी, कारण जुन्या एफएटी३२ पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि लांबलचक व्हिडिओ तिथेच अडतो. फॉरमॅट करताना डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून ती रिकामी आहे याची आधी खात्री करा.

डिस्कवर 'मूळ' नावाचा फोल्डर करा आणि त्यात प्रत्येक फोनचा, कॅमेऱ्याचा वेगळा फोल्डर. फोन केबलने जोडायचा. अँड्रॉइड फोन नुसता चार्ज होत राहिला तर वरची सूचना उघडून 'फाइल ट्रान्सफर' निवडा. आयफोनचं कुलूप उघडून, या कॉम्प्युटरवर विश्वास आहे का, या प्रश्नाला होकार द्यावा लागतो. कॅमेऱ्याने काढलेले फोटो 'डीसीआयएम' फोल्डरमध्ये असतात, अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपवर आलेल्यांचा फोल्डर निराळा असतो. फाइल्स नेहमी कॉपी करा, कट करू नका. मध्येच केबल सैल झाली तर कट केलेली फाइल धड इकडे ना तिकडे अशी अडकू शकते. आयफोनवर २०१७ सालच्या आयओएस ११ पासून फोटो एचईआयसी प्रकारात साठवायची सोय आली. जुन्या कॉम्प्युटरवर ते उघडले नाहीत म्हणून सरसकट जेपीईजी करून मूळ पुसू नका. जो फोटो कुणाला पाठवायचा आहे, त्याचीच जेपीईजी प्रत काढा.

मुलीचा फोन मी तिला न विचारता जोडत नाही. तिने काय द्यायचं ते तीच निवडते, तिचा फोल्डर तीच भरते. पहिल्या वर्षी तिने तिसाच्या आसपास फोटो दिले होते, गेल्या वर्षी जवळजवळ सगळे.

मंगळवारचं काम लहान आहे, पण ते टाळू नका. पहिल्या डिस्कवरचा 'मूळ' फोल्डर जसाच्या तसा दुसऱ्या डिस्कवर उतरवायचा. मग दोन्हीकडे फोल्डरच्या गुणधर्मांत जाऊन फाइल्सची संख्या आणि एकूण बाइट्स जुळतात का ते बघायचं, आणि दुसऱ्या डिस्कवरचे मधलेच दहा-बारा फोटो व दोन-तीन व्हिडिओ उघडून बघायचे. 'मूळ'ला यापुढे हात लावायचा नाही. नावं बदलणं, निवडणं, सगळं वेगळ्या प्रतीवर.

बुधवार आणि गुरुवार मी पेटीला देते. खरं तर हे दोन दिवसही पुरत नाहीत.

कागदावरचे फोटो स्कॅन करायचे असतील तर काच आधी मऊ, कोरड्या मायक्रोफायबरच्या कापडाने पुसा. एक कण राहिला तरी पुढच्या प्रत्येक फोटोवर तोच ठिपका येतो. ४ बाय ६ इंचांचा फोटो ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने, स्कॅन केला तर १२०० बाय १८०० पिक्सेल मिळतात, ६०० डीपीआयला २४०० बाय ३६००, म्हणजे साधारण साडेआठ मेगापिक्सेल. मी ६०० ठेवते. बारका चेहरा मोठा करून बघता येतो आणि फाइल अवाढव्य होत नाही. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडवरच स्कॅन करा, म्हणजे त्याचा पिवळेपणा आणि शाईचे डाग खऱ्या रंगात येतात. मागे काही लिहिलं असेल तर मागची बाजूही घ्या. फोटोच्या मागे नव्याने लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, न दाबता. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. दातांत फिरवायचा धागा, फ्लॉस, फोटोखालून एका कोपऱ्यातून हळूहळू आडवा सरकवला तर बहुतेक सुटतात. एखादा अडून बसला तर त्याला तिथेच राहू द्या आणि अख्खं पान स्कॅन करा.

स्कॅनर नसेल तर फोनही चालतो. खिडकीपाशी, पण थेट ऊन नाही अशा जागी फोटो सपाट ठेवा, फोन त्याला समांतर धरा आणि अगदी जवळ जाण्याऐवजी थोडं लांबून दुप्पट झूम करा, म्हणजे कडा वाकत नाहीत आणि आपली सावलीही पडत नाही. चकचकीत कागदासाठी गूगलचं २०१६ मध्ये आलेलं फोटोस्कॅन ॲप कामाचं आहे. ते वेगवेगळ्या कोनांतून चार ठिपक्यांवर फोन न्यायला सांगतं आणि त्यातून चमक काढून टाकतं.

पण पेटीतलं मुख्य काम स्कॅनरचं नाही. सासूबाई पलंगावर बसतात, मी खाली, आणि मध्ये घडी घातलेल्या चादरीवर फोन, रेकॉर्डर सुरू करून. टेबलावर ठेवला तर प्रत्येक फोटो टेकवल्याचा आवाज त्यात येतो, चादरीवर येत नाही. मी फोटो उचलते, स्कॅनचा नंबर मोठ्याने म्हणते, "एकशे बारा", आणि त्यांच्या हातात देते. गेल्या वर्षी त्या एकशे बारा नंबरच्या फोटोत एक मुलगा होता, सायकलच्या सीटवर हात ठेवून ताठ उभा. हा आजवर आमच्याकडे 'कुणीतरी' होता. सासूबाईंनी चष्मा वर केला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "अगं, हा माझा धाकटा भाऊ. सायकल त्याची नव्हे, ती फोटोवाल्याची. पायातल्या चपला मात्र माझ्या आहेत, बघ, मोठ्या होतात त्याला." मी फोटो परत घेतला. टाचेमागे दोन बोटं जागा मोकळी दिसत होती. पुढची चार मिनिटं त्या भावाबद्दल बोलत राहिल्या. त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांमुळे सात-आठ फोटो झाले की आम्ही थांबतो, पण त्या सात-आठांची माणसं परत घरात येतात.

विचारताना "हे कोण?" एवढ्यावर थांबू नका. फोटो कुणी काढला, त्या दिवशी आणखी कोण होतं, फोटोच्या चौकटीबाहेर काय होतं, असं विचारा. मध्ये बोलू नका, त्या गप्प झाल्या तरी थोडं थांबा. साल आठवत नसेल तर "तेव्हा कितवीत होतात?" हा प्रश्न उपयोगी पडतो. आवाजाच्या फाइलला फोटोंचेच नंबर द्या, '१०५ ते ११२', म्हणजे पुढे जोडी चुकत नाही. आणि हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. फोन नवा घेता येतो, पण या आवाजाला दुसरी प्रत नाही.

शुक्रवारी नावं आणि तारखा. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा: '२०१९-०५-१४ शाळेचा पहिला दिवस'. आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानकही तारीख याच क्रमाने लिहायला सांगतं. मे महिन्यासाठी ५ न लिहिता ०५ लिहायचं, नाहीतर काही प्रोग्रॅम १० ला २ च्या आधी बसवतात. कॅमेरा किंवा फोन फोटोच्या फाइलमध्येच तारीख-वेळ नोंदवतो, त्या नोंदीला एक्झिफ म्हणतात. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवला की आकार आक्रसतो आणि ही नोंदही पुसली जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर दोन्ही टिकतं. अँड्रॉइडवर आलेल्या व्हॉट्सॲप फोटोच्या नावात मात्र '२०१९०५१४-डब्ल्यूए०००३' असे आकडे असतात, त्यावरून तो पाठवल्याचा दिवस कळतो. आमच्या जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण उतरली की त्याचं घड्याळ मुळावर जायचं, म्हणून एका उन्हाळ्याचे सगळे फोटो १ जानेवारीचे दिसत होते. डिजीकॅम नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये सगळ्यांची वेळ एकदम पुढे सरकवता येते. सारखे दिसणारे फोटोही तो शोधून देतो.

शनिवारी छंद. नवऱ्याचा कॅमेरा एका पक्ष्याचे सेकंदाला दहा फोटो काढतो, त्यातला डोळा स्पष्ट असलेला एखादाच असतो. त्याला निवडू द्या, घाई करू नका. रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फाइलवर, काम केलं असेल तर शेजारची एक्सएमपी फाइल तिच्यासोबतच ठेवा, कारण केलेले बदल तिच्यात असतात. मुलाची चित्रं जमिनीवर ठेवून, वरून, दिवसाच्या उजेडात टिपा आणि चित्र कशाचं आहे ते त्याच्याच शब्दांत लिहा. "हा ड्रॅगन आजारी आहे, म्हणून हिरवा." दहा वर्षांनी चित्र बघून हे कुणालाच ओळखता येणार नाही.

रविवारी तिसरी प्रत. फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम मी पाळते: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. आमची दुसरी डिस्क नणंदेकडे असते आणि तिची आमच्याकडे. तिसरी प्रत क्लाउडवर. गूगलच्या मोफत १५ जीबीमध्ये मेल, ड्राइव्ह आणि फोटो असं सगळं मोजलं जातं, त्यामुळे घरभराचे फोटो त्यात मावत नाहीत. जागा विकत घ्या, नाहीतर निवडकच चढवा. आणि एक नीट लक्षात घ्या. फोन आणि क्लाउड एकमेकांशी जुळलेले असले तर फोनवर पुसलेला फोटो क्लाउडवरूनही जातो. आयफोनवर तो 'नुकतेच पुसलेले'मध्ये साधारण ३० दिवस राहतो, गूगल फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप झालेला फोटो ६० दिवस. म्हणूनच कुणाशीही न जुळलेली, कपाटात बंद असलेली डिस्क लागते.

पेनड्राइव्हवर भरवसा ठेवून वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये टाकू नका. त्यात माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते आणि तो भार हळूहळू झिरपतो. डिस्कवर तारखेची चिठ्ठी चिकटवा, आणि सहा महिन्यांनी ती जोडून काही फाइल्स उघडून बघायची आठवण आत्ताच फोनमध्ये लावा.

यंदा आमचं एक पाकीट राहिलं, निगेटिव्हचं. ३५ मिलिमीटरची एक चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर एवढीशी असते, ६०० डीपीआय तिला पुरत नाही. किमान २४०० लागतं, आणि स्कॅनरला निगेटिव्हसाठी वरून उजेड देणारी सोय हवी. ती मिळेपर्यंत पट्ट्या कडेने धरून कागदी पाकिटात, कोरड्या आणि थंड कपाटात ठेवल्या आहेत. पाकिटावर सासूबाईंनी पेन्सिलीने लिहिलंय, "यात नाना असतील."