नोकरी सांभाळून इंजिनिअरिंगची डिग्री कशी करायची
भुसावळला रेल्वेत, ऑर्डनन्स फॅक्टरीत नाहीतर दीपनगरच्या वीज केंद्रात शिफ्ट करताय न् डिप्लोम्यावर अडकलात, तर भो हे वाचा. पूर्वी पोरं एएमआयई (इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची परीक्षा) करायची, कॉलेज नाही काही नाही, घरी बसून अभ्यास न् परीक्षा, पण 31 मे 2013 पर्यंत नाव घातलेल्यांचंच ते डिग्रीसारखं धरतात, म्हणून आता त्याच्या नादी लागू नका.

आता एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) वर्किंग प्रोफेशनल्सची, म्हणजे नोकरीवाल्यांची स्कीम आहे, 2023-24 पासून, डिप्लोमावाल्याला डायरेक्ट सेकंड इयरला घेतात न् लेक्चर संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी ठेवता येतात. सगळी कॉलेजं चालवत नाहीत हां, म्हणून आधी जळगाव-धुळ्याच्या कॉलेजात स्वतः जाऊन त्याच स्कीमचं मंजुरीपत्र मागा. मग ऑफिसातून अनुभवाचा दाखला न् एनओसी, हे लवकर घ्या, साहेब लोक सहीला लई दिवस लावतात (माझ्या एका कागदाला दीड महिना लागला होता!). कंपनी कॉलेजपासून ठरलेल्या अंतरात लागते, तेही विचारून घ्या.

न् कोणी ‘घरबसल्या बी.टेक.’ म्हणाला तर पैसे देऊ नका, 2017 ला सुप्रीम कोर्टाने काही डीम्ड विद्यापीठांच्या अशा डिग्र्यांना दणका दिलाय.