बाभळीचा काटा शोधायची युक्ती

सासवडहून मल्हारगडाकडे कच्च्या वाटेनं सायकल घातली की बाभळीचा काटा ठरलेलाच. ट्यूब बदलूनही टायरमध्ये मोडून राहिलेलं टोक नव्या ट्यूबचाही जीव घेतं.

म्हणून घरी टायर चढवतानाच त्यावरचं कंपनीचं नाव बरोबर व्हॉल्व्हपाशी आणा. (दिसतंही झकास!) मग पंक्चर झालं की:

१. ट्यूब काढून फुगवा, भोक शोधा.
२. व्हॉल्व्ह नावाशी जुळवून ट्यूब टायरवर धरा. भोकासमोरच काटा असणार. नाहीच दिसला तर ट्यूब उलटी धरली असेल. नावापासून तेवढ्याच अंतरावर दुसऱ्या बाजूला पाहा.
३. चिमट्यानं उपटा.

टायरच्या आतून उघडं बोट फिरवू नका. जुना सुती रुमाल फिरवा, धागा अडकेल तिथं काटा.