पुराचा गाळ काढताना अंगणातला मुरूम उपसू नका, या चुका टाळा

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरांनापण पाठ असतं, पण पाणी उतरल्यावर दारातला गाळ कसा काढायचा यावर कोणी फारसं बोलत नाही. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्यांना त्या गाळाचा वास वेगळा सांगायला नको. फरशी, काँक्रीट असेल तर धुऊन मोकळं होता येतं, खरी अडचण खडी-मुरमाच्या अंगणाची आणि बोळाची.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाणी ओसरलं की लगेच जेसीबी आत घालणं. वरून गाळ दिसतोय पण खालचा मुरूमसुद्धा पाणी पिऊन मऊ झालेला असतो, मशीनचं चाक रुततं, वळताना खडी उखडते आणि गाळ खाली दाबला जातो. आधी पहार रोवून बघा, हाताच्या जोरानं सहज खाली जात असेल तर मशीन थांबवा. गाडीपण आत घेऊ नका, कारण खडीच्या फटीत गाळ एकदा दाबून बसला की तिथनं पाणी मुरायचं बंद होतं, मग प्रत्येक पावसात तिथंच डबकं.

मग तोवर हातावर हात धरून बसायचं का? अजिबात नाही. पाणी घोट्याएवढं असतानाच बांबूला फळी ठोकून गाळ ढवळत उतरत्या पाण्याबरोबर बाहेर लोटायचा, त्या वेळी तो सगळ्यात हलका असतो (गमबूट घाला, पायाला जखम असेल तर उतरूच नका). जो राहील तो दोन-तीन उन्हं खाऊ दे. वर भेगा पडतात, कडा उचलतात, मग खोरं आडवं धरून सरकवलं की खपली निघते आणि खडी जागेवर राहते. पूर्ण वाळून दगड होईपर्यंत मात्र थांबू नका, मग कुदळच लागते आणि कुदळ मुरूमसुद्धा उकरते.

जेसीबी लागलाच तर ऑपरेटरला आधीच सांगा, बकेटचे दात जमिनीत घालायचे नाहीत, बकेट सपाट ठेवून, फ्लोटवर टाकून (म्हणजे खाली जोर न देता, नुसत्या स्वतःच्या वजनावर टेकवून) मागं ओढायची आणि शेवटचा एक इंच गाळ सोडून द्यायचा, तो माणसांनी काढायचा. इथं घाई नडते, तासाचं भाडं चालू असतं म्हणून सगळे खरडून टाक म्हणतात आणि गाळाबरोबर मुरमाचा पाच-सहा इंचांचा थर ट्रॉलीत जातो. चेंबर, नळाचा मीटर, बोअरचं तोंड गाळाखाली दिसत नाही, त्यामुळं जूनमध्येच तिथं उंच काठी रोवून चिंधी बांधून ठेवा.

ढीग गटारात किंवा अंगणाच्या कडेला लावू नका, पुढच्या सरीला तोच गाळ परत आत येतो. प्रेशर वॉशर पण नको, खडीला धरून ठेवणारा बारीक कच उडतो आणि खडी सुटी होते.

आणि गाळावरच नवा मुरूम टाकणारे फार आहेत. खालचा गाळ भिजला की वरचा सगळा थर सरकतो, पैसे पाण्यात. आधी जुनी खडी दिसेपर्यंत साफ करा, दंताळ्यानं ओढून सारखी करा, ढाळ रस्त्याकडं ठेवा, आणि नवा मुरूम पावसाळा सरल्यावर थोडं पाणी मारून रोलर फिरवून बसवा.