स्लो कुकर घेताना आणि त्यात शिजवताना

ठाण्याहून सकाळची लोकल पकडून रात्री आठला घरी येणाऱ्यांना स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, फार सोयीचा. चौघांना साडेतीन लिटरचा पुरतो. उगाच मोठा घेऊ नका. भांडं निम्म्याहून कमी भरलं तर रस्सा आटून तळाला लागतो. शिजून झाल्यावर आपोआप ‘वॉर्म’वर, म्हणजे अन्न नुसतं गरम ठेवण्यावर, जाणारा टायमर मात्र हवाच. अमेरिकेतून कोणी आणत असेल तर नको म्हणा, तिथला १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे वीज २३० ची.

मटण, पाया, हरभरे यात सुरेख होतात. वाटण आधी कढईत तेल सुटेपर्यंत परता, नाहीतर खमंगपणा येत नाही. पाणी नेहमीपेक्षा कमी घाला, आणि झाकण सारखं उघडू नका.

राजम्याचं तेवढं नीट लक्षात ठेवा. रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून ताज्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळा, मगच स्लो कुकरमध्ये घाला. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं; मंद आचेवर ते नष्ट होत नाही आणि उलट्या-जुलाब होतात. गोठलेलं मटणही थेट टाकू नका, आदल्या रात्री फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात काढून ठेवा.