दिव्यांग मुलाचा निधी अडतो कुठे? शाळांनी या चुका टाळा

“ते साडेतीन हजार गेले कुठे?” पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला 3,500 रुपयांपर्यंत तरतूद धरतात. ती मुलाच्या हातात पडणारी रक्कम नव्हे. साहित्य, मोजमाप शिबिरे, मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता यांवर ती खर्च होते. म्हणून मुलाला नेमके काय हवे, ते मुख्याध्यापकांनी गट साधन केंद्राला (तालुक्याचे शिक्षण खात्याचे केंद्र) लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. केंद्रप्रमुखांच्या कानावर घालणे म्हणजे कळवणे नव्हे.

सगळ्यात महागात पडते ती यू-डायसमधली, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतली चूक. दिव्यांगत्वाच्या रकान्यात ‘नाही’ राहिले की पुढच्या अंदाजपत्रकासाठी ते मूल नसतेच, वर्ष वाया. कोकणात धोका जास्त, कारण वाडीवरची शाळा बऱ्याचदा चौथीला संपते आणि पाचवीला मूल साकव ओलांडून दुसऱ्या गावात जाते. नव्या शाळेने यू-डायसवर मुलाची नोंद आपल्याकडे घेतली की हा रकाना उघडून पाहावा आणि दिव्यांग प्रमाणपत्रावरचाच प्रकार टाकावा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, अंदाजाने निवडू नका.

प्रमाणपत्राची धावपळ पावसाआधीच उरका. स्वावलंबन पोर्टलवर (दिव्यांग प्रमाणपत्र आणि कार्डाचे सरकारी संकेतस्थळ) अर्ज आधी भरा, मग मुलाला घेऊन जिल्हा रुग्णालयात जा (सिंधुदुर्गकरांना ओरोस). आधार, शाळेचे रजिस्टर आणि अर्ज या तिन्हींत नाव एकसारखे हवे. प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर मुदत संपण्याची तारीख हजेरीपत्रकाच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. 40 टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या मुलाला लाभ नाकारले गेले, तरी वर्गातली मदत थांबवायची नसते.

दिव्यांग मुलींना दरमहा 200 रुपये, 10 महिने असा प्रोत्साहन भत्ता आहे. पासबुकाची झेरॉक्स दिली तरी पैसे येत नाहीत, अशी तक्रार असते. रक्कम आधारवरून जमा होत असेल, तर आधारला शेवटी जोडलेल्या खात्यातच ती जाते; ते खाते कधी चाकरमानी बापाने मुंबईत काढलेले निघते. कोणते खाते जोडलेय, ते बँकेत विचारून घ्या.

शाळा अनुदानातून हे सगळे भागेल, या भ्रमात राहू नका. 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10,000 मिळतात, त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेला. उरलेल्यात वीजबिल आणि खडू.

ग्रामपंचायतीकडे मात्र फारसे कुणी जात नाही. स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी राखायचे असतात. घरपट्टी-पाणीपट्टी मिळून 4 लाख होत असतील तर 20,000. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि मुलाच्या दिव्यांग कार्डाची प्रत जोडून पालकांचा अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) दिवाळीआधी द्या. मार्चमध्ये दिलात तर पैसे दुसरीकडे लागलेले असतात.