गोदामवाला रीट खरंच किती कमावतो, हे कसं बघायचं

मी एका लॉजिस्टिक्स कंपनीचे हिशोब बघते. गोदामांच्या भाड्याची बिलं माझ्या सहीशिवाय पुढे सरकत नाहीत. रीट म्हणजे गुंतवणूकदारांच्या पैशातून इमारती घेऊन त्यांचं भाडं त्यांनाच वाटणारी संस्था; तिच्यातल्या एका हिश्शाला युनिट म्हणतात. औद्योगिक रीटचा, म्हणजे गोदामवाल्या रीटचा, वार्षिक अहवाल हातात आला की माझ्या कामामुळे आधी तो भाडेकरूच्या नजरेने वाचला जातो. गुंतवणूकदारालाही हीच नजर जास्त उपयोगी पडते, असं माझं मत आहे.

निव्वळ नफ्याच्या ओळीपासून सुरुवात करू नका. रीट आपल्या इमारतींवर दरवर्षी घसारा लावतो. तो कागदावरचा खर्च, खिशातून काही जात नाही. याउलट एखादं गोदाम विकलं की त्या वर्षीचा नफा फुगतो आणि पुढच्या वर्षी तो नसतो. म्हणून अमेरिकेतल्या नॅरीट या संघटनेने 1991 मध्ये एफएफओ (फंड्स फ्रॉम ऑपरेशन्स, म्हणजे नेहमीच्या कामकाजातली कमाई) हे माप ठरवून दिलं. निव्वळ नफ्यात इमारतींचा घसारा परत मिळवायचा आणि मालमत्ता विकून झालेला नफा काढून टाकायचा.

समजा भाड्याचं उत्पन्न 100. मालमत्ता कर, विमा, देखभाल यातला भाडेकरूंकडून वसूल न झालेला खर्च 22. उरले 78, हा एनओआय, म्हणजे मालमत्तांची निव्वळ कमाई. त्यातून व्याज 18 आणि कार्यालयीन खर्च 6 गेला की 54. घसारा 34 धरला की 20, आणि एका गोदामाच्या विक्रीचे 12 मिळवले की निव्वळ नफा 32. आता उलटं चला: 32 अधिक 34 वजा 12, म्हणजे 54. हा एफएफओ.

बरेच जण इथेच थांबतात. मी थांबत नाही, कारण टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते मला रोज दिसतं. नवा करार करताना आम्ही हमखास पहिले काही महिने भाडेमाफी मागतो आणि बाजार थंड असेल तर ती मिळतेही. त्या महिन्यांत आम्ही एक पैसाही देत नाही. पण मालकाच्या पुस्तकात संपूर्ण मुदतीचं भाडं सरासरीने विभागून दर महिन्याला उत्पन्न म्हणून लागत असतं. शिवाय दलाली, आमच्या सोयीने करून दिलेलं काम, छप्पर आणि डॉकची मोठी दुरुस्ती, हे सगळं मालकाला रोखीने भरावं लागतं. कर, विमा आणि रोजची देखभाल भाडेकरूच्या गळ्यात घालणारे करार या धंद्यात भरपूर आहेत, पण छप्पर आणि मुख्य ढाचा बहुधा मालकाच्याच माथी असतो.

तेव्हा 54 मधून मोठी दुरुस्ती 4, दलाली आणि सोयीसुविधा 5, हातात न आलेलं भाडं 3 वजा करा. उरले 42. याला एएफएफओ, म्हणजे अ‍ॅडजस्टेड (दुरुस्त केलेला) एफएफओ म्हणतात. त्याची सर्वमान्य व्याख्या नाही, प्रत्येक रीट आपल्या सोयीने काढतो. म्हणून त्यांचा आकडा उचलू नका, रोकड प्रवाहाच्या पानावरून स्वतः काढा. आता रीटने 40 वाटले असतील, तर निव्वळ नफ्याच्या 125 टक्के वाटप बघून छाती धडधडते, एफएफओच्या 74 टक्के बघून निवांत वाटतं, आणि खरी परिस्थिती आहे 95 टक्के. गाठीला उरले फक्त 2. करपात्र उत्पन्नाचा किमान 90 टक्के हिस्सा वाटायचा, ही अट अमेरिकेत आहे. त्यामुळे रीटकडे शिल्लक फारशी राहत नाही आणि वाढीसाठी कर्ज काढावं लागतं किंवा नवे युनिट विकावे लागतात.

त्यातूनच पुढची तपासणी येते: प्रत्येक आकडा दर युनिटमागे बघा. एफएफओ 20 टक्क्यांनी वाढला आणि युनिट 25 टक्क्यांनी वाढले, तर तुमच्या एका युनिटमागची कमाई 4 टक्क्यांनी घटली. घोषणा मात्र ‘विक्रमी उत्पन्न’ अशीच असते. व्यवस्थापकाची फी युनिटच्या रूपात दिली जाते का, तेही पाहा. रोख जात नाही म्हणून वाटप सुंदर दिसतं आणि युनिटची संख्या गुपचूप वाढत राहते.

आता भाडं. भोगवटा, म्हणजे भाड्याने गेलेली जागा, 97 टक्के आहे एवढ्यावर खूश होऊ नका. जुन्या करारांचं भाडं आणि आजचं बाजारभाडं यातली तफावत शोधा. पाच वर्षांपूर्वी 60 ने दिलेल्या जागेचा आजचा दर 80 असेल, तर नूतनीकरणाला 33 टक्के वाढ दबा धरून बसलेली आहे. अशा वेळी करारांची उरलेली मुदत कमी असणं चांगलं. दर उतरत असतील तर हेच उलटं, लांब मुदतीचे करार ढाल होतात. नूतनीकरणातली वाढ रोख भाड्यावर मोजलीय की सरासरी भाड्यावर, ही तळटीप मात्र वाचाच. सरासरीवरचा आकडा सहसा देखणा असतो. आणि तीच जुनी गोदामं यंदा किती जास्त कमावतात, हे समान मालमत्तांच्या एनओआयवरून कळतं. नवी खरेदी त्यात मिसळलेली नसते.

इमारतीही बघायला हव्यात. आम्ही भाडं चौरस फुटावर भरतो, पण माल घनफुटात रचतो. 24 फूट उंचीच्या गोदामात जेवढे रॅक बसतात, त्याहून कितीतरी जास्त 36 फुटांत बसतात. ट्रक वळायला अंगण अपुरं असेल किंवा वीजभार कमी असेल, तर आम्ही दर पाडून मागतो. नाहीतर जागा सोडतो. अहवालात इमारतींचं सरासरी वय असतं. ते जास्त असेल तर दुरुस्तीचे 4 पुढे 7 होणार, असं धरून चाला. जमीन मालकीची नसून ठरावीक मुदतीच्या पट्ट्याची आहे का, हेही विचारा. सिंगापूरमध्ये औद्योगिक जमिनीचे 30 वर्षांचे पट्टे सर्रास असतात. पट्टा संपत आला की तुम्हाला मिळणाऱ्या वाटपात तुमचंच मुद्दल परत येत असतं.

कर्जाचं पान सगळ्यात शेवटी असतं आणि धक्काही बहुधा तिथूनच बसतो. आपल्या उदाहरणात 400 कर्जावर साडेचार टक्क्यांनी 18 व्याज जातं. मुदत संपून तेच कर्ज 6 टक्क्यांनी घ्यावं लागलं तर व्याज 24, एएफएफओ 36 आणि वाटप 40. म्हणजे भाडेकरू एकही न सोडता वाटप कापावं लागेल. कोणत्या वर्षी किती कर्ज फेडायचंय आणि त्यातलं बदलत्या दराचं किती, एवढे दोन आकडे लिहून घ्या.

मग भाव. कॅप रेट म्हणजे मालमत्तेच्या किमतीवर वर्षाला मिळणाऱ्या एनओआयचा टक्का. 78 च्या एनओआयला 6 टक्के कॅप रेटने भागलं की मालमत्तांची किंमत 1300, कर्ज वजा जाता 900. कॅप रेट साडेसहा धरला तर 1200 आणि 800. अर्ध्या टक्क्यात युनिटधारकाचा 11 टक्के वाटा उडाला. म्हणून मी परिसरात नुकत्याच झालेल्या गोदाम-विक्रीचा कॅप रेट घेते आणि त्याहून अर्धा टक्का जास्त दरानेही हिशोब करते. बाजारातला भाव या दुसऱ्या हिशोबाच्या वर असेल, तर त्या रीटचा पुढचा तिमाही निकाल येईपर्यंत मी खरेदी करत नाही.